दोनशे बावन्न माणसे आणि गॅरेजमधले शिसे

मोटारदुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला ‘या कामात धोका कशाचा?’ असे विचारले, तर तो जॅक निसटण्याबद्दल बोलेल, पेट्रोलचा भडका उडण्याबद्दल बोलेल, बॅटरीतल्या ॲसिडने पँटला पडलेली भोके दाखवील. शिशाचे नाव तो सहसा घेणार नाही. त्यात त्याचा दोष नाही. शिसे पेटत नाही, भाजत नाही, त्याला वास येत नाही, आणि ते शरीरात साठू लागले तरी त्याची खूण बरीच वर्षे पटत नाही.

गॅरेज आणि शिसे यांच्या नात्याकडे विज्ञानाचे लक्षच गेले नव्हते, असे मात्र नाही. १९२५ च्या अखेरीस अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन आणि सिनसिनाटी या दोन शहरांत एका सरकारी समितीने मोटारचालक, गॅरेजमधले कामगार आणि पेट्रोलपंपांवरचे नोकर यांची तपासणी केली. तुलनेसाठी घेतलेल्या माणसांसह ही संख्या होती २५२. या माणसांच्या तपासणीवरून जो निर्णय झाला त्याचे परिणाम पुढे जवळजवळ शतकभर साऱ्या जगाने भोगले. तपासणीत काय सापडले, त्यावरून काय ठरवले गेले आणि काय ठरवता येण्यासारखे नव्हते, ही हकिगत आम्हाला येथे सांगायची आहे. तुलनेसाठी घेतलेला गट कसा निवडावा हे वर्गात समजावून सांगण्यासाठी याहून चांगले, आणि याहून महागात पडलेले, उदाहरण क्वचितच मिळेल.

जुनेच विष

शिसे विषारी आहे हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. शिसे ओतणाऱ्या कारागिरांचे चेहरे फिकुटलेले असतात, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नळ न वापरता मातीचे वापरावेत, असे रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. भांड्यांना झिलई देण्यासाठी शिसे वाटणाऱ्या कुंभारांचे हात आधी कापू लागतात आणि मग लुळे पडतात, याची नोंद त्यात आहे. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा आणखी एक प्रश्न घाला, असे त्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले. पॅरिसमध्ये टांकेरेल दे प्लांश या डॉक्टरने एकाच रुग्णालयातील बाराशेहून अधिक शिसेबाधित रोग्यांचा अभ्यास करून १८३९ मध्ये तो छापला. पोटात उठणाऱ्या असह्य कळा, बद्धकोष्ठ, हिरड्यांवरची निळसर रेघ, पांडुरोग आणि खाली लोंबणारे लुळे मनगट ही लक्षणे एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असत.

ही लक्षणे का उद्भवतात ते कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. शिशाचा आयन शरीराला कॅल्शियमसारखा भासतो. त्यामुळे जेथे जेथे कॅल्शियमला प्रवेश आहे, तेथे तेथे शिसेही शिरते : मज्जातंतूंच्या टोकांपाशी, मेंदूत, हाडांत. शिवाय हीमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीतील दोन विकरांचे काम ते अडवते. म्हणून रक्त फिके पडते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या रक्तपेशींत निळसर ठिपके दिसू लागतात. हे ठिपके लक्षात ठेवावेत, कारण पुढे त्यांचा संबंध येणार आहे. रक्तातील शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते. हाडांत शिरलेले शिसे निम्म्यावर यायला मात्र वीसेक वर्षे लागू शकतात. हाड ही शिशाची तिजोरी म्हणावी. म्हातारपणी हाडे झिजू लागली, किंवा गरोदरपणी आईच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी निघू लागले, की तरुणपणी साठलेले शिसेही त्याबरोबर रक्तात उतरते. (विद्यार्थी हमखास विचारतात म्हणून जाता जाता सांगून टाकतो : आपल्या ‘शिसपेन्सिली’त शिसे नसते, ग्रॅफाइट असते. नाव तेवढे जुन्या गैरसमजाचे राहिले आहे.)

अमेरिकेत या विषयाचा पाया घातला तो डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी. १९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामगारांच्या रोगांची पाहणी सुरू केली, तेव्हा शिशाचे काम त्यांनी अंगावर घेतले. कारखान्याच्या कचेरीत बसून त्यांनी माहिती जमवली नाही. त्या कामगारांच्या घरी गेल्या, इस्पितळांची दप्तरे धुंडाळली, औषधांच्या दुकानांत चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष साधा होता आणि त्या काळी नवा होता. मालकांची समजूत अशी की कामगार हात न धुता जेवतो म्हणून त्याला बाधा होते, म्हणजे दोष त्याच्या गलिच्छपणाचा. हॅमिल्टनबाईंनी दाखवून दिले की खरा शत्रू हवेतील धूळ आणि धूर हा आहे. हात कितीही धुतले तरी श्वास घ्यायचे कोणाला थांबवता येत नाही. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक म्हणून नेमले. हार्वर्डच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यापक.

इंजिनातली ठकठक

त्याच सुमारास मोटारीच्या कारखानदारांना एका आवाजाने छळले होते. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. दाब जितका जास्त, तितकी त्याच पेट्रोलमधून अधिक शक्ती मिळते. पण दाब एका मर्यादेपलीकडे नेला की मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेतो आणि सिलिंडरवर हातोडा बसल्यासारखी ठकठक होते. शक्ती वाया जाते, पिस्टनलाही इजा होते. आपल्याकडचे मिस्त्री याला ‘इंजिन नॉकिंग करते’ म्हणतात.

डेटन येथील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग याच्या हाताखाली काम करणाऱ्या टॉमस मिजली या इंजिनिअरने ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे द्रव्य पेट्रोलमध्ये घालून पाहिले आणि ठकठक थांबली. हे द्रव्य नवे नव्हते. शिशाच्या एका अणूला चार एथिल गट जोडलेले हे तेलकट संयुग जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच बनवले होते. अल्कोहोल मिसळूनही ठकठक थांबते हे मिजलीला माहीत होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे आणि त्याचे पेटंट कोणाला घेता येण्यासारखे नव्हते. शिशाच्या संयुगाचे काही थेंब पुरत. फेब्रुवारी १९२३ मध्ये हे पेट्रोल डेटनच्या एका पंपावर विकायला आले. त्याचे व्यापारी नाव ठेवले ‘एथिल’. नावात शिशाचा उल्लेख नव्हता आणि तो राहू नये अशी काळजी घेतलेली होती.

साधे शिसे आणि हे संयुग यांत एक महत्त्वाचा फरक आहे. शिशाचा तुकडा हातात धरला तर त्वचेतून शिसे जवळजवळ आत जात नाही. हे संयुग मात्र चरबीत विरघळते. त्वचेतून सहज आत शिरते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. त्याचे उत्पादन सुरू होताच याचा प्रत्यय आला. न्यू जर्सीतील डीपवॉटरच्या कारखान्यात कामगारांना हवेत किडे उडताना दिसू लागले. ते काल्पनिक किडे हाताने झटकणारी माणसे पाहून इतरांनी त्या इमारतीला ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव पाडले. ऑक्टोबर १९२४ च्या अखेरीस त्याच राज्यात, स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या बेवे येथील कारखान्यात पाच कामगार काही दिवसांच्या आत भ्रमिष्ट होऊन मेले आणि तीसहून अधिक जणांना बाधा झाली. ही माणसे फार कष्ट केल्याने वेडी झाली असावीत, असे कंपनीच्या बाजूने वृत्तपत्रांना सांगण्यात आले. ३० ऑक्टोबरला मिजलीने वार्ताहरांना बोलावून सर्वांदेखत त्या द्रव्याने हात धुतले आणि मिनिटभर ते हुंगून दाखवले. १९२३ च्या आरंभी शिशाच्याच बाधेमुळे आपण रजा घेऊन फ्लोरिडाला विश्रांतीसाठी गेलो होतो, हे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही. मिनिटभराच्या हुंगण्याने काही सिद्ध होत नाही हे आठवीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. पण छायाचित्रे छापून आली.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियासारख्या शहरांनी या पेट्रोलवर बंदी घातली. गदारोळ वाढला तेव्हा कंपनीने विक्री थांबवली, आणि २० मे १९२५ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टनला एक परिषद बोलावली. तेथे दोन बाजू स्पष्ट झाल्या. उद्योगाच्या प्रतिनिधींनी हे द्रव्य म्हणजे ईश्वरी देणगी असल्याचे सांगितले. अपघात झाले ते कारखान्यात, तेथे शिस्त आणली की झाले. हॅमिल्टन यांनी दुसरीच गोष्ट विचारली. कारखान्याच्या चार भिंतींच्या आतली परिस्थिती तुम्ही ताब्यात ठेवाल. सबंध देश कसा ताब्यात ठेवणार? येल विद्यापीठाचे प्राध्यापक यँडेल हेंडरसन यांनी इशारा दिला की हे विष इतक्या हळूहळू पसरेल की लोक जागे होईपर्यंत ते सगळीकडे वापरात आलेले असेल. देश म्हणजे येथे काय, हे नीट पाहिले पाहिजे. देश म्हणजे पंपावर नळी धरणारा माणूस आणि सिलिंडरचे हेड उतरवून त्यातला राखाडी थर पटाशीने खरवडणारा गॅरेजमधला माणूस. कारखान्यात निदान एक डॉक्टर असतो. यांना कोण होता?

तपासणी

परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि समितीपुढे नेमका हाच प्रश्न आला. तिने पाच गट पाडले. शिसेविरहित पेट्रोलच्या गाड्या चालवणारे ३६ जण, शिशाच्या पेट्रोलच्या गाड्या चालवणारे ७७ जण, शिशाचे पेट्रोल नसलेल्या गॅरेजांत आणि पंपांवर काम करणारे २१, ते पेट्रोल असलेल्या गॅरेजांत आणि पंपांवर काम करणारे ५७, आणि शिशाशी उघड संबंध असलेल्या दोन कारखान्यांतले ६१ कामगार. बेरीज २५२. मलातून किती शिसे बाहेर पडते ते मोजले, आणि रक्ताच्या काचपट्ट्या करून ठिपकेवाल्या पेशी मोजल्या. त्या काळच्या साधनांचा विचार करता योजना चांगली होती. त्याबद्दल समितीला नावे ठेवता येणार नाहीत.

शिशाचे पेट्रोल वापरणाऱ्यांत शरीरात शिसे साठत असल्याच्या खुणा इतरांहून काहीशा अधिक दिसल्या. परंतु चालक किंवा गॅरेज-कामगार यांच्यापैकी कोणातही ओळखता येण्याजोगा शिसेबाधेचा रोग आढळला नाही. जानेवारी १९२६ मध्ये समितीने अहवाल दिला : योग्य नियम करून वापरल्यास या पेट्रोलवर बंदी घालण्यास सध्या सबळ कारण दिसत नाही.

अहवालात याच्यापुढे आणखी एक भाग होता, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा होता. या पेट्रोलचा वापर सार्वत्रिक झाला तर परिस्थिती आम्ही पाहिली त्याहून फार वेगळी होईल. आज दिसलेल्या थोड्याशा साठ्यामुळेही दीर्घकाळाने, संवेदनशील व्यक्तींमध्ये, सहज न ओळखता येणारे जुनाट विकार उद्भवू शकतील. तेव्हा सरकारने पैसा देऊन हा अभ्यास पुढे चालू ठेवावा, असे समितीने बजावले होते. निर्णयाचा पहिला भाग लगेच अमलात आला. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. दुसरा भाग कागदावर राहिला. सरकारने पैसा दिला नाही आणि पुढची सुमारे चार दशके या विषयावरचे बहुतेक संशोधन उद्योगाच्याच पैशाने झाले.

आता या २५२ माणसांकडे शिक्षकाच्या नजरेने पुन्हा पाहू. डेटनमध्ये हे पेट्रोल आले १९२३ मध्ये. म्हणजे कोणाचाही त्याच्याशी आलेला संबंध तीन वर्षांहून कमी काळाचा होता; आणि शिसे तर हाडांत दशकानुदशके साठणारे. तपासले ते कामावर हजर असलेले लोक. ज्याला काम झेपेनासे झाले आणि ज्याने ते सोडले, तो अशा तपासणीत सापडतच नाही. तिसरी गोष्ट त्या २१ माणसांची. ‘शिशाशी संबंध नसलेले’ म्हणून तुलनेला घेतलेले हे लोक शेवटी गॅरेजांत आणि पंपांवर काम करणारेच होते. त्यांच्या पेट्रोलमध्ये शिसे नव्हते हे खरे. पण त्या काळच्या गॅरेजात बॅटरीच्या पट्ट्या शिशाच्या, रेडिएटरची गळती बुजवायचे सोल्डर शिसे आणि कथील यांचे, गाडीच्या रंगात शिशाची संयुगे. जो गट कोरा समजून घेतला तो कोरा असण्याचा संभव फारसा नव्हता. तुलनेचा गट आधीच डागाळलेला असेल तर दोन गटांतला फरक लहान दिसतो आणि ‘विशेष काही नाही’ असे उत्तर येते. विद्यार्थ्यांपुढे हे पाच आकडे फळ्यावर लिहावेत आणि ‘तुम्ही २१ च्या जागी कोणाला घेतले असते?’ असे विचारावे. आमचा अनुभव असा की तासभर वाद चालतो आणि शेवटी कोणीतरी म्हणते, ‘सर, शिसे नसलेला माणूस आणायचा कुठून?’

नेमका हाच प्रश्न पुढे चाळीस वर्षे उलट्या बाजूने सोडवला गेला.

‘सर्वांनाच असते’

रॉबर्ट कीहो हे सिनसिनाटीतले डॉक्टर एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार होते आणि विद्यापीठातील केटरिंग प्रयोगशाळेचे प्रमुखही. माणूस कष्टाळू होता, त्यांची मोजमापे त्या काळच्या मानाने काळजीपूर्वक होती. त्यांना असे आढळले की शिशाच्या कारखान्याशी संबंध नसलेल्यांच्या लघवीतही शिसे असते. १९३० च्या दशकात ते मेक्सिकोतील एका दूरच्या शेतकरी गावी गेले, तेथेही सापडले. यावरून त्यांनी मांडले की शिसे मानवी शरीरात स्वभावतःच असते, शरीर ते बाहेर टाकू शकते, आणि रक्तातील प्रमाण दर १०० मिलिलिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर काळजीचे कारण नाही. त्या गावातले लोक शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत शिजवत आणि जेवत असत. रामाझ्झिनीचे कुंभार येथे पुन्हा भेटतात म्हणायचे.

‘सर्वांना असते’ याचा अर्थ ‘नैसर्गिक आहे’ असा होत नाही. गावातल्या सगळ्या विहिरींचे पाणी गढूळ असले म्हणून पाणी जात्याच गढूळ ठरत नाही. पण कारखान्यांतील आणि गॅरेजांतील कामगारांसाठी या ८० च्या आकड्याचे व्यावहारिक परिणाम मोठे होते. ज्याच्या रक्तात ७० आहे, ज्याचे डोके दुखते, झोप लागत नाही, हात कापतात, त्याला ‘तुला शिशाची बाधा नाही’ असे शास्त्राच्या नावाने सांगता येऊ लागले.

हा तिढा सोडवला तो वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटर्सन हे भूरसायनशास्त्रज्ञ. उल्कापाषाणातील शिशाची समस्थानिके मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे हे त्यांनी १९५० च्या दशकात ठरवले. आपल्या पाठ्यपुस्तकांतला आकडा त्यांचाच. या कामात त्यांना एका गोष्टीने हैराण केले होते. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूवर शिसे होते : हवेत, पाण्यात, काचपात्रांवर, स्वतःच्या केसांत. ते हटवता हटवता त्यांची खात्री झाली की हे निसर्गातले शिसे नव्हे. १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी ‘नेहमी आढळणारे’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द वेगळे केले, आणि अमेरिकन माणसाच्या अंगात नैसर्गिक प्रमाणाच्या शंभरपट शिसे आहे असे गणित मांडले. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याचा पुरावा मिळाला. औद्योगिक क्रांतीपासून शिसे वाढत गेले होते आणि १९४० नंतर झपाट्याने वाढले होते. कीहोंना न सापडलेला कोरा तुलना-गट अखेर जुन्या बर्फात सापडला, आणि नंतर पेरूतील प्राचीन सांगाड्यांत. १९७१ मध्ये हवेतील शिशाविषयी राष्ट्रीय समिती नेमली गेली तेव्हा पॅटर्सन यांना तिच्यात घेतले नाही. त्यावरून वातावरणाची कल्पना यावी.

बाकीचा भाग थोडक्यात सांगता येईल. १९७० च्या दशकात अमेरिकेने पेट्रोलमधले शिसे टप्प्याटप्प्याने कमी करायला सुरुवात केली. १९७६ ते १९८० या काळात तेथील लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे १४.६ वरून ९.२ मायक्रोग्रॅमवर आले. पेट्रोलमधले शिसे जसे घटत होते, तशीच रेघ रक्ताचीही उतरत होती. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून दाखवले की वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांतही जास्त शिसे आणि कमी बुद्ध्यंक, कमी एकाग्रता हे हातात हात घालून चालतात. आज जागतिक आरोग्य संघटना शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानत नाही, आणि रक्तात ५ मायक्रोग्रॅम आढळले तरी ते कोठून आले ते शोधायला सांगते. ८० पासून ५ पर्यंत यायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचे झाले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते जुलै २०२१ मध्ये थांबले.

गॅरेजात काय उरले

म्हणजे ज्यांनी २००० पूर्वी गॅरेजात वीस-पंचवीस वर्षे काढली, त्यांनी हे पेट्रोल कसे हाताळले ते आठवून पाहण्यासारखे आहे. ग्रीसने माखलेले हात पेट्रोलने धुवायचे. टाकीतून पेट्रोल काढताना रबरी नळी तोंडात धरून ओढायची, आणि घोटभर तोंडात आले तर थुंकून टाकायचे. कार्ब्युरेटरचे जेट तोंडाने फुंकून साफ करायचे. सायलेन्सर ठोकून आतली काजळी झाडायची. हे सर्व आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या माणसांच्या हाडांतील शिसे पेट्रोलपंपाबरोबर बदललेले नाही. त्यांच्यापैकी आज साठी-सत्तरीला आलेल्यांच्या हाडांत ते अजून आहे. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार यांच्याशी शिशाचा संबंध आहे, पण या वयात हे विकार सर्वांनाच होतात, तेव्हा रामाझ्झिनीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि शिसे गॅरेजातून गेलेले नाही. मोटारीच्या एका बॅटरीत सुमारे ८ ते १० किलो शिसे असते. बॅटरी बदलून जुनी परत करणाऱ्याला यातले फारसे काही बाधत नाही; ती फोडून पट्ट्या काढणारा, शिसे वितळवून टर्मिनल ओतणारा यांना बाधते. वितळलेल्या शिशाचा धूर निळसर, विरळ असतो आणि त्याने ठसका लागत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची गळती सोल्डरनेच बंद करतात. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमला ठोकायच्या वजनांतही शिसे असू शकते. सर्वांत दुर्लक्षित धोका बहुधा रंगाचा आहे. पत्र्याचा पोचा काढून, लांबी भरून, मग पॉलिश पेपरने घासणारा डेंटर-पेंटर गाडीचा जुना रंगच धुळीच्या रूपात श्वासावाटे घेत असतो. जुन्या पिवळ्या आणि तांबड्या रंगांत शिशाची क्रोमेटे असत, आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावायचा तांबडा थर शिशाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या पारंपरिक शेंदराचाच. भारत सरकारने २०१६ मध्ये रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात ज्या रोगांची खबर सरकारला देणे सक्तीचे होते, त्यांत पहिलेच नाव शिसेबाधेचे होते. परंतु तो कायदा यंत्रशक्ती वापरणाऱ्या आणि १० किंवा अधिक कामगार असलेल्या जागेला लागू होई. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या संहितेत हा आकडा २० वर नेला आहे. एक मिस्त्री, एक पेंटर आणि दोन पोऱ्ये असलेले नाक्यावरचे गॅरेज यात कधीच बसत नव्हते आणि आता तर त्याहून दूर गेले. पोऱ्यांच्या बाबतीत कायदा निदान स्पष्ट आहे. मोटारीची गॅरेजेस मुलांसाठी धोक्याच्या कामांच्या यादीत घालण्यात आली होती, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. घरचा धंदा असेल आणि मूल शाळा सांभाळून मदत करत असेल तर मात्र सवलत आहे, पण तीही धोक्याच्या कामांना नाही. शाळेतून गळालेला विद्यार्थी कोठे गेला याचा शोध घेणाऱ्या शिक्षकांना यादीतील गॅरेजांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वाढत्या वयातल्या शरीरात पोटावाटे गेलेले शिसे प्रौढाच्या कितीतरी पट शोषले जाते. ज्या मुलाचे गणितात लक्ष लागत नाही त्याचे वडील काय काम करतात, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. बापाच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरी येते, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतात.

रक्तातील शिसे आता मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत मोजून मिळते. शिशाच्या कामात असलेल्याने ते वर्षातून एकदा तरी पाहावे. हीमोग्लोबिन ठीक आहे म्हणून शिसे नाही असे होत नाही. बाकी ज्या गोष्टी करायच्या त्यांना खर्च फार नाही. रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा. जमीन कोरड्या झाडूने झाडण्यापूर्वी शिंपडून घ्यावी. शिसे वितळवायचे ते उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. डबा आणि चहा कामाच्या बाकावर घेऊ नये, विडी त्याच हातांनी ओढू नये, हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत, कामाचे कपडे तेथेच बदलावेत आणि वेगळे धुवावेत. रंगाऱ्यांनी पॉलिश पेपर ओला करून वापरावा ही सूचना ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१३ मध्येच केली होती.